शस्त्रक्रियेनंतर शिरेतून मॉर्फिन: आई बटण दाबतच नाहीये

सावली | मंगळवार, रात्री ११:५०

आईचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन आज सकाळी झालं. दुर्बिणीने जमलं नाही, पोट उघडावं लागलं. बेंबीच्या वरपासून खालपर्यंत चीर आहे. वय ६७. ऑपरेशन नीट पार पडलं असं सर्जन म्हणाले, त्यामुळे त्या बाजूने जीव भांड्यात पडलाय. प्रश्न दुखण्याचा आहे.

वॉर्डात आणलं तेव्हा सलाईनच्या नळीला एक छोटा कुलूपबंद पंप जोडलेला होता आणि त्याच्या वायरच्या टोकाला अंगठ्याएवढं बटण. भूलतज्ज्ञांनी ते तिच्या उजव्या हातात दिलं. म्हणाले, "दुखलं की दाबायचं. एका वेळी १ मिलिग्रॅम मॉर्फिन जाईल. नंतर ७ मिनिटं कितीही वेळा दाबलं तरी पंप काही सोडणार नाही. त्यामुळे जास्त होईल ही भीती बाळगू नका."

संध्याकाळी सहापासून आत्तापर्यंत तिने ते फक्त तीनदा दाबलंय. दुखत नाही म्हणून नव्हे. कूस बदलताना ओठ आत ओढून घेते, पलंगाचा दांडा घट्ट धरते, आणि विचारलं की म्हणते, "ठीक आहे गं, झोप तू." सिस्टरनी शून्य ते दहामध्ये किती दुखतंय विचारलं तर "चार" म्हणाली. मी बाहेर जाऊन सिस्टरना सांगितलं की हे चार खरे नाहीत.

शेवटी खोदून विचारलं तेव्हा बाहेर पडलं. "मॉर्फिन म्हणजे अफूच ना? एकदा लागली की सुटत नाही. मला नको ते."

थोड्या वेळाने तिचा डोळा लागला, पण झोपेत कण्हत होती. मला बघवेना. बटण चादरीवर पडलं होतं, मी हात पुढे केला. तेवढ्यात सिस्टर आत आल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं. हलकेच, पण धरलं. "ताई, हे फक्त मावशींनीच दाबायचं. तुम्ही नाही, मीसुद्धा नाही." का ते विचारेपर्यंत त्यांना दुसरीकडून हाक आली.

सवय लागते का? मी दाबलं असतं तर काय बिघडलं असतं? आणि आईला समजवायचं कसं? रात्रभर जागीच आहे, कुणी जागं असेल तर लिहा.

---

पायवाट | बुधवार, रात्री १२:१५

जागा आहे. दीड वर्षापूर्वी माझंही पोटाचं ऑपरेशन झालं, हाच पंप होता. मी पण पहिल्या रात्री आईंसारखंच केलं, सोसत राहिलो. त्याची शिक्षा दुसऱ्या दिवशी मिळाली. फिजिओथेरपिस्ट आले, म्हणाले दीर्घ श्वास घ्या, खोका. खोकायला गेलो तर टाक्यांतून अशी कळ आली की अर्ध्यातच श्वास धरला. दोन दिवस वरवरचेच श्वास घेत होतो. कफ साठला, ताप आला, छातीचा एक्स-रे काढावा लागला. तेव्हा मला कळलं की हे औषध नुसतं बरं वाटावं म्हणून दिलेलं नसतं.

आईंना एवढंच सांगा की खोकायच्या, उठून बसायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी बटण दाबायचं. कळ येऊन गेल्यावर नाही. आणि खोकताना उशीची घडी पोटावर दोन्ही हातांनी दाबून धरायची. फार फरक पडतो.

---

रात्रपाळी | बुधवार, रात्री १२:४०

सावली, मी सर्जिकल वॉर्डमध्ये नर्स आहे, १६ वर्षं झाली. त्या सिस्टरनी मनगट धरलं ते अगदी योग्य केलं. कारण सांगते.

त्या पंपाचा सगळा भरवसा एका साध्या गोष्टीवर आहे. मॉर्फिन जरा जास्त झालं की माणसाला झोप येते. झोपलेला माणूस बटण दाबत नाही. बटण दाबलं नाही की पुढचा डोस जात नाही, आणि तोवर रक्तातलं औषध उतरत जातं. म्हणजे पेशंटची झोप हाच त्या यंत्राचा ब्रेक आहे. झोपलेल्या माणसाचं बटण दुसऱ्या कुणी दाबलं की तो ब्रेकच निघून जातो. पंपाला हात कुणाचा ते कळत नाही. ७ मिनिटांचं कुलूप असलं तरी दर ७ मिनिटांनी दाबलं तर तासाला ८ मिलिग्रॅम होतात, आणि ६७ वर्षांच्या, झोपलेल्या बाईला ते फार झालं.

झोपेत कण्हणं म्हणजे दर वेळी दुखणंच असेल असंही नाही. भूल उतरतानाही माणसं कण्हतात. अशा वेळी बटणाला हात न लावता सिस्टरना बोलवायचं. त्या उठवतील, विचारतील, श्वास मोजतील आणि मग ठरवतील.

आता तुम्ही जाग्याच आहात तर एक काम करा. आईंची छाती बघा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, मॉर्फिनवरच्या माणसाचा श्वास अनियमित असतो, फसवणूक होते. मिनिटाला १२ ते २० असले तर छान. १० च्या खाली गेले तर लगेच बोलवा. आणि आकड्याहून महत्त्वाचं: हाक मारल्यावर कशा उठतात ते बघा. डोळे उघडून नीट उत्तर दिलं आणि मग पुन्हा झोपल्या तर ती झोप चांगली. पण बोलता बोलता वाक्याच्या मध्येच डोळा लागत असेल, "हं... सांगते..." करून मान कलंडत असेल, तर थांबू नका. श्वास मंदावण्याच्या आधी गुंगी वाढते. आम्ही आधी तेच बघतो.

बोटाच्या क्लिपवर ९८ दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका. नाकाला ऑक्सिजन लावलेला असला तर श्वास मंदावला तरी तो आकडा बराच वेळ चांगलाच दिसतो. आतमध्ये मात्र कार्बन डायऑक्साइड साठत असतो, तो त्या क्लिपला दिसत नाही.

---

उंबरठा | बुधवार, रात्री १:३०

वाचून हात थरथरतोय, पण लिहितो. सावलीताई, तुम्ही जे करणार होतात ते मी केलंय.

बाबांचं फुफ्फुसाचं ऑपरेशन झालं होतं. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. आम्हाला बटण कुणी दाबायचं हे कुणीच सांगितलं नव्हतं, पंपावर तशी चिठ्ठीही नव्हती. बाबा मोठ्याने घोरायचे, झोपेत श्वास मध्येच थांबायचा, हे आम्हाला वर्षानुवर्षं माहीत होतं. पण ते डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे हे डोक्यातच आलं नाही. रात्री ते झोपेत कपाळाला आठ्या घालायचे आणि मी प्रेमाने बटण दाबायचो. मला वाटायचं मी त्यांची सेवा करतोय.

पहाटे तीनच्या सुमाराला घोरणं थांबलं. मला बरं वाटलं, म्हटलं शांत झोप लागली. सिस्टर राउंडला आल्या, त्यांनी खांदा हलवला, मग छातीच्या हाडावर बोटं घासली, आणि ओरडून डॉक्टरांना बोलावलं. मिनिटाला पाच श्वास. नॅलॉक्सोन नावाचं इंजेक्शन शिरेतून थोडं थोडं दिलं. दोन मिनिटांत बाबांनी डोळे उघडले. आणि त्याच क्षणी ओरडायला लागले. कारण ते औषध मॉर्फिनला त्याच्या जागेवरून हुसकावतं, आणि मॉर्फिनबरोबर वेदनेचा आरामही जातो. छातीची ताजी जखम त्यांना एकदम, पूर्णच्या पूर्ण जाणवली. तो आवाज अजून कानात आहे.

आम्हाला वाटलं संपलं. तासाभराने पुन्हा गुंगी चढायला लागली. डॉक्टरांनी समजावलं की नॅलॉक्सोन लवकर उतरतं आणि मॉर्फिन त्याच्याहून जास्त वेळ टिकतं, म्हणून पुन्हा द्यावं लागतं. सकाळपर्यंत अतिदक्षता विभागात ठेवलं. बाबा बरे झाले, आज चालतात-फिरतात. पण घोरण्याबद्दल आधीच विचारलं गेलं असतं, बटणाबद्दल एक वाक्य कुणी सांगितलं असतं, तर ती रात्र आलीच नसती.

ताई, आई घोरत असतील तर आत्ताच सिस्टरना सांगा. सकाळची वाट बघू नका.

---

सावली | बुधवार, रात्री १:५०

मोजले. पूर्ण मिनिट. १४. हाक मारली तर "काय गं" म्हणाली, डोळे उघडून. घोरत नाही. झोपेची गोळी रोज घेते ते मात्र मी फॉर्मवर लिहायला विसरले होते, आत्ताच सिस्टरना जाऊन सांगून आले. उंबरठा, तुम्ही लिहिलंत म्हणून आठवलं.

---

भूलशास्त्री | बुधवार, सकाळी ६:२०

मी भूलतज्ज्ञ आहे. पेशंट मी पाहिलेला नाही, त्यामुळे डोसबद्दल तुमच्याच डॉक्टरांचा शब्द शेवटचा. पण रात्रीची सगळी चर्चा वाचली आणि राहवलं नाही. आधी एक: झोपेच्या गोळीचं सांगितलंत ते फार चांगलं केलंत. मॉर्फिन आणि झोपेची गोळी या दोघींची गुंगी एकमेकींवर चढते, आणि श्वास थांबण्याच्या बऱ्याच घटनांमागे अशीच जोडी असते.

आता अफूची भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, कारण मॉर्फिन अफूतूनच येतं आणि त्याचं व्यसन लागू शकतं. पण तीन वेगळ्या गोष्टींची लोक एकच गाठोडी बांधतात. तोच परिणाम मिळायला हळूहळू जास्त डोस लागणं ही एक. बरेच दिवस घेतलेलं औषध एकदम बंद केल्यावर घाम, जुलाब, अस्वस्थता होणं ही दुसरी. या दोन्ही शरीराच्या प्रतिक्रिया आहेत, कुणालाही होऊ शकतात, आणि डोस पायरीपायरीने उतरवला की निभावून जातात. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही मन त्या औषधाकडे ओढलं जाणं. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस, दुखतं म्हणून, देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनने आधी कसलंच व्यसन नसलेल्या माणसाचं असं होणं विरळ. खरी काळजी घ्यायची ती घरी गेल्यावर, गोळ्या आठवडेच्या आठवडे चालू राहिल्या तर.

हे मी तोलून मापून लिहितोय, कारण आमच्याच क्षेत्राने याबाबत मोठी चूक केलेली आहे. १९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अगदी छोटं पत्र छापून आलं. रुग्णालयात अशी औषधं मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद सापडली, एवढाच त्याचा मजकूर. ते दाखल रुग्णांपुरतं होतं. पण पुढे घरी महिनोन्महिने गोळ्या देण्याचं समर्थन करायलाही तेच पत्र दाखवलं गेलं, आणि अमेरिकेत अशा गोळ्यांच्या व्यसनाची केवढी लाट आली ते जगाने पाहिलं. म्हणून "काही होत नाही, घ्या बिनधास्त" हेही मला मान्य नाही आणि "अफू आहे, हात लावू नका" हेही नाही.

शिरेतूनच का, हेही आईंना सांगता येईल. पूर्वी कमरेवर किंवा दंडावर स्नायूत इंजेक्शन द्यायचो, चार-सहा तासांनी. स्नायूतून ते रक्तात कधी किती उतरेल याचा भरवसा नसायचा. दिल्यावर तासभर माणूस पेंगायचा, मग थोडा वेळ बरा, आणि पुढच्या वेळेआधीचे दोन तास तळमळ. त्यात सिस्टरना बोलवा, कपाट उघडा, नोंद करा, इंजेक्शन भरा, यात अर्धा तास जायचा. शिरेतून दिलेलं मॉर्फिन पाचेक मिनिटांत जाणवायला लागतं, त्याचा जोर साधारण वीस मिनिटांनी सर्वांत जास्त असतो आणि तीन-चार तास टिकतो. म्हणून थोडं थोडं देऊन, बघत बघत पुढे जाता येतं. १९६० च्या दशकाच्या शेवटी फिलिप सेक्झर या भूलतज्ज्ञांनी हे देणं रुग्णाच्याच हाती सोपवून पाहिलं, आणि १९७६ मध्ये 'कार्डिफ पॅलिएटर' हा असा पंप बाजारात आला. त्यामागचा विचार मला आजही पटतो: माझं किती दुखतंय हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणालाच कळत नाही.

एक व्यावहारिक गोष्ट. बटण हे आराम टिकवण्यासाठी आहे, आराम मिळवण्यासाठी अपुरं पडतं. म्हणून ऑपरेशननंतर रिकव्हरीच्या खोलीत आम्ही दर पाच मिनिटांनी एक-दोन मिलिग्रॅम देत आधी दुखणं आटोक्यात आणतो, मगच बटण हातात देतो. आईंनी रात्रभर दाबलं नसेल तर सकाळी दुखणं पुढे निघून गेलेलं असेल आणि १-१ मिलिग्रॅमने ते गाठता येणार नाही. तेव्हा राउंडला स्पष्ट सांगा: "रात्री औषध घेतलंच नाही, आता फार दुखतंय." ते वरचा डोस देऊन पुन्हा पातळी गाठतील. पंपाच्या आठवणीत किती वेळा दाबलं आणि किती वेळा मिळालं हे दोन्ही आकडे असतात. तीनदा दाबलं हे बघून नवख्या डॉक्टरला वाटू शकतं की दुखतच नाहीये. म्हणून तुम्ही बोलणं गरजेचं आहे.

---

तिसरीघंटा | बुधवार, सकाळी ८:०५

माझं मत वेगळं आहे. माझ्या सासूबाईंना मॉर्फिन दिल्यावर भिंतीवर माणसं दिसायला लागली, सलाईन उपसून काढलं. वय ७८. शेवटी ते बंद केलं तेव्हा दोन दिवसांनी भानावर आल्या. वयस्कर माणसांना हे देऊच नये. थोडं सोसलं तर काय बिघडतं? आमच्या आधीच्या पिढ्यांनी सोसलंच ना.

---

रात्रपाळी | बुधवार, दुपारी ३:१०

तिसरीघंटा, सासूबाईंचं जे झालं ते खरं आहे आणि आम्ही ते वॉर्डमध्ये बघतो. म्हाताऱ्या माणसांना यामुळे भ्रम होऊ शकतो. पण न शमलेल्या वेदनेनेही भ्रम होतो, हेही तितकंच खरं. रात्रभर दुखत पडलेली आजी पहाटे मुलाला ओळखत नाही, हे मी स्वतः पाहिलंय. त्यामुळे उपाय बंद करणं हा नसतो. डोस कमी करायचा, औषध बदलायचं, आणि मुख्य म्हणजे मॉर्फिनवरचा भार हलका करायचा. ठरावीक वेळेला पॅरासिटामॉल, मूत्रपिंड आणि पोट झेपेल तर सूज उतरवणारी वेदनाशामकं, चिरेच्या आसपासच्या नसा बधिर करणारा ब्लॉक, किंवा एपिड्यूरल, म्हणजे पाठीच्या कण्याजवळ बारीक नळीतून दिलेलं बधिर करणारं औषध. हे बरोबर असलं की मॉर्फिन कितीतरी कमी लागतं.

सावली, पॅरासिटामॉल "दुखलं तर" लिहिलंय की ठरावीक वेळेला, ते चार्टवर बघा. दर सहा तासांनी ठरलेलं असेल तर उत्तम.

आधीच्या पिढ्यांनी सोसलं, हो. त्यांच्यातल्या किती जणांना ऑपरेशन यशस्वी होऊनही नंतर न्यूमोनिया झाला, पायात रक्ताची गाठ झाली, हेही त्याच सोसण्याचा भाग होतं. दुखतं म्हणून हलायचं नाही आणि हलत नाही म्हणून आजार वाढतो. मला पेशंट सोसताना बघणं आजही जमत नाही, १६ वर्षांनंतरही.

---

सावली | बुधवार, रात्री ९:३०

सकाळी राउंडला मी भूलशास्त्रींचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. भूलतज्ज्ञ खुर्ची ओढून आईजवळ बसले. तिला म्हणाले, "मावशी, चार खरे की तुमच्या लेकीला बरं वाटावं म्हणून?" आई गप्प. मग म्हणाली, "आठ." तिथेच त्यांनी पाच-पाच मिनिटांनी थोडं औषध दिलं, दर वेळी विचारत. चौथ्या वेळी तिने पलंगाचा दांडा सोडला. मला ते बोटांवरून कळलं, तिने काही सांगायच्या आधी.

मग अफूचं विचारलं तिने स्वतःच. ते म्हणाले, "मावशी, तुम्ही बरं होण्यासाठी घेताय. परवा-तेरवा तुम्हीच हे बटण बाजूला ठेवाल, बघा." तेव्हापासून दाबतेय. दुपारी उशी धरून खोकली, संध्याकाळी दोघींच्या आधाराने खुर्चीत बसली.

आता मळमळ आणि खाज आहे, नाक सारखं खाजवतेय. ॲलर्जी म्हणायची का?

---

भूलशास्त्री | बुधवार, रात्री १०:१५

वाचून फार बरं वाटलं. नाक-चेहरा खाजणं हा मॉर्फिनचा ओळखीचा परिणाम आहे, बहुतेक वेळा ॲलर्जी नसते. अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, श्वासाला घरघर असं काही असेल तर मात्र ताबडतोब बोलवा. मळमळीला इंजेक्शन आहे, मागून घ्या, सोसू नका. मळमळ दोन दिवसांत शरीर सवयीने निस्तरतं. बद्धकोष्ठतेला मात्र शरीर सरावत नाही, आणि आईंचं ऑपरेशन आतड्याचंच असल्याने मॉर्फिन जितकं कमीत कमी लागेल तितकं आतडं लवकर जागं होईल. लघवीची नळी काढल्यावर लघवी अडकत नाही ना, तेही बघा.

---

किनारा | गुरुवार, सकाळी ११:००

इतके दिवस इथे फक्त वाचत होतो. एका गोष्टीसाठी लिहितोय, कारण ती कुणी विचारत नाही. ज्यांना व्यसन होतं त्यांच्या ऑपरेशनचं काय?

मी अशा औषधांच्या व्यसनातून बाहेर पडलोय, सहा वर्षं ब्युप्रेनॉर्फिनवर आहे, म्हणजे ते व्यसन आटोक्यात ठेवण्यासाठी रोज घ्यायच्या औषधावर. पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी मी हे लपवलं होतं. लाज वाटत होती. परिणाम असा की नेहमीचा डोस मला लागूच पडेना. माझं औषध मेंदूतल्या त्याच जागा घट्ट अडवून बसलेलं असतं, मॉर्फिनला आत शिरायला वावच नाही. मी दुखतंय म्हणायचो आणि समोरच्या चेहऱ्यावर शंका दिसायची. दुसऱ्या दिवशी भूलतज्ज्ञांना खरं सांगितलं. त्यांनी एका शब्दाने कमीपणा दाखवला नाही. माझं रोजचं औषध चालूच ठेवलं, त्यावर ब्लॉक दिला आणि वेगळा आराखडा केला. माझ्यासारखं कुणी वाचत असेल तर आधीच सांगा, ऑपरेशनच्या आधी. व्यसन सुटलेल्या माणसालाही चीर दुखतेच.

---

जुनीवही | गुरुवार, दुपारी ४:४५

किनारा, लिहिलंत ते फार मोलाचं आहे.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवत असे. "त्याच जागा" म्हणालात त्यावर थोडं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १८०५ च्या सुमारास फ्रिडरिश झेर्ट्युर्नर या विशीतल्या जर्मन औषधविक्रेत्याने अफूतून मॉर्फिन वेगळं केलं आणि स्वप्नांच्या ग्रीक देवावरून, मॉर्फिअसवरून, त्याला नाव दिलं. पण ते शरीरात कुठे चिकटतं ते कळायला १९७३ साल उजाडलं. दोन वर्षांत पुढचा शोध लागला की शरीर स्वतःच अशी रसायनं बनवतं. मग १९७८ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना औषध म्हणून खोटंच इंजेक्शन दिलं गेलं. काहींचं दुखणं त्यानेही कमी झालं, आणि त्यांना नॅलॉक्सोन दिल्यावर तो आराम ओसरला. म्हणजे विश्वासाने आलेला आरामही शरीराच्या स्वतःच्या मॉर्फिनमधून आला होता. सावली, डॉक्टर खुर्ची ओढून आईंजवळ बसले, ते म्हणूनच मला उपचाराचा भाग वाटतं.

दुसरं, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांसाठी. मॉर्फिन यकृतात मोडतं आणि त्यातून तयार होणारा एक पदार्थ स्वतःच जोरदार असतो. तो लघवीवाटे बाहेर जातो. मूत्रपिंड थकलेलं असलं तर तो साठतो आणि गुंगी उशिरा, कधी दुसऱ्या दिवशीही, चढते. अशांना बहुतेक वेळा फेंटानिल देतात. ते मॉर्फिनच्या साधारण शंभरपट तीव्र, म्हणून मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. डोसचा आकडा ऐकून तुलना करू नका. तसंच शिरेतले १० मिलिग्रॅम मॉर्फिन म्हणजे तोंडाने साधारण ३०, कारण गोळीतला बराच भाग यकृतातच खर्ची पडतो. पंप काढून गोळी सुरू झाली आणि आकडा मोठा दिसला तर घाबरू नका.

---

सावली | शनिवार, सकाळी ७:१०

काल दुपारी पंप काढला. भूलतज्ज्ञांनी पडद्यावरचे आकडे आईलाच वाचून दाखवले. बुधवार सकाळपासूनच्या पहिल्या २४ तासांत ३१ वेळा दाबलं, २७ वेळा मिळालं. दुसऱ्या २४ तासांत ११. शुक्रवारी सकाळी एकदा, चालायला जायच्या आधी. त्यानंतर तिने वायर गुंडाळून उशीशेजारी ठेवली होती, कुणी सांगितलं नव्हतं. आता ठरावीक वेळेला पॅरासिटामॉल, आणि फार दुखलं तर एक सौम्य गोळी. ती पाच दिवसांचीच लिहून दिलीय, उरल्या तर परत आणून द्यायच्या.

रात्रपाळी, श्वास मोजायची सवय मला लागली ती लागलीच. तिन्ही रात्री वहीत लिहिले. १४, १३, १५, १४.

उंबरठा, जाताना मी सिस्टर इन-चार्जना विचारलं की पंपावर "फक्त रुग्णाने दाबावे" अशी चिठ्ठी लावता येईल का. त्यांनी माझ्यासमोरच मोठ्या अक्षरांत लिहून काढली आणि पुढच्या खोलीतल्या पंपावर चिकटवली.

आणि आज पहाटे पाचला आईला वारा सरला. तिने मला हलवून उठवलं आणि आधी ते सांगितलं. सर्जन म्हणाले, आता पाण्याचे घोट सुरू करा.